पंचाऐंशी किलोमीटर

पडद्यामागून उत्तर आलं नाही, म्हणून सुतारानं पुन्हा विचारलं, "अगं, ऐकतेस का? आज तळ्याकाठी मुक्काम करायचा, की सरळ पुढचं गाव गाठायचं?"

तरीही काही नाही. दुपारचं जेवण झाल्यावर बायको मागे आडवी झाली होती, पण तिची झोप मोठी सावध. त्यानं गिअर बदलला तरी ती कूस बदलायची. तासाभरापासून तो तिच्याशी बोलत होता. मुलीच्या नव्या नोकरीबद्दल, गळक्या नळाबद्दल, पुढच्या टायरबद्दल. आता त्याच्या लक्षात आलं की एवढ्या वेळात एकदाही 'हं' आलेलं नाही. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि पडदा सारला.

पलंगावर नुसती रजई होती.

त्यानं न्हाणीघराचं दार उघडलं. कपड्यांचं कपाट उघडलं. पलंगाची फळी उचलून खालच्या कोठीत पाहिलं. मग, ज्यात मांजरही मावलं नसतं, तो भांड्यांचा खणसुद्धा त्यानं ओढला आणि आतल्या ताटल्यांकडे बघत राहिला. खाली उतरून तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं होती आणि माणूस म्हणून कुणी नव्हतं.

हे घर त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं. शाळेची जुनी बस घेतली, बाकं काढली, भिंतींना फळ्या मारल्या, वळणावर खण उघडू नयेत म्हणून प्रत्येकाला लाकडी खिटी बसवली. राहतं घर विकलं तेव्हा मुलगी म्हणाली होती, "लोक म्हातारपणी एका जागी बसतात, आणि तुम्ही घराला चाकं लावताय." त्याला तीन वर्षं झाली. बायको भेटेल त्याला सांगायची, "आमचा संसार सुखाचा आहे हो. भांडण झालं तरी रुसून जायला दुसरी खोलीच नाही."

तिचा मोबाइल उशीपाशी चार्जिंगला लावलेला होता. त्याचा स्वतःचा पुढे सीटवर पडला होता. त्याचा आवाज बंद होता, आणि एकाच अनोळखी नंबरावरून सात वेळा फोन येऊन गेला होता.

त्यानं तो नंबर लावला. डिझेल भरलं होतं त्या पंपावरचा माणूस बोलला.

"तुमच्या बाई इथं आहेत. सुखरूप आहेत." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "तुम्हाला येता येईल ना? सावकाश या. घाई करू नका."

सुताराच्या जिवात जीव आला. म्हणजे ती पंपावर पाय मोकळे करायला उतरली असणार, आणि आपण डिझेल भरून, आत न बघता निघून आलो. पंचाऐंशी किलोमीटर. रिकाम्या पलंगाशी गप्पा मारत. त्यानं गाडी वळवली. परतीच्या वाटेवर त्यानं माफीची वाक्यं जुळवली आणि मोडली. ती कशी बोलेल, हेही त्याला ऐकू येत होतं. 'बायको म्हणजे काय छत्री आहे, कुठंही विसरायला?' मग ही गोष्ट मुलीला कळेल, बहिणींना कळेल, आणि पुढची दहा वर्षं चारचौघांत आपलं हसं होईल. होऊ दे. तिनं वाट्टेल तेवढं बोलावं, आपण मान खाली घालून ऐकायचं.

ती पंपाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. शेजारच्या स्टुलावर चहाचे दोन कागदी पेले होते. दोन्ही भरलेले, दोन्ही गार. पंपावरचा माणूस काहीतरी सांगायला पुढे झाला, तशी तिनं हातानंच त्याला थांबवलं.

सुतार धावतच गेला. ती उठली. गर्दीत कुणाला तरी शोधावं तशी त्याच्या चेहऱ्यावर नजर फिरवत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मी कोण?"

"हे काय विचारणं झालं? माझी बायको. एकोणचाळीस वर्षं डोकं खाते आहेस माझं."

ती मटकन खुर्चीत बसली. पदरानं तोंड झाकून घेतलं आणि तिचे खांदे गदगदू लागले. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"चुकलं गं माझं. तू आत झोपली आहेस, असंच धरून चाललो मी. पण निघताना दिसलो असेन ना तुला? हाक तरी मारायचीस. काच तरी ठोकायचीस."

तिनं डोळे पुसले. त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि तापातल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "ठोकली. चहा घेऊन आले होते तुमच्यासाठी. तुम्ही काच खाली केलीत, माझ्याकडे नीट बघितलंत, आणि म्हणालात, 'माफ करा बाई, मागं माझी बायको झोपली आहे. तिला विचारल्याशिवाय मी कुणाला गाडीत घेत नाही.'"