शिंपलीची खोड

भरतीचं पाणी छातीशी आलं, तरी चांगुणा तांडेल घराच्या उंबऱ्यावरून उठेना. दाराशी लागलेल्या बचावबोटीतून डॉक्टर खेकसले, "मावशी, दगडाला चिकटून राहणाऱ्या शिंपलीचं फुप्फुस तुम्हाला बोट येईपर्यंत तग धरायला बसवलं होतं. इथं राहायला नाही!"

"हवेत चालतं, पाण्यातही चालतं. मग जाऊ कशाला?"

"ही त्या शिंपलीचीच खोड! चरून झालं की ती आपल्याच दगडावर परतते. कवचाची कड तिथंच नेमकी बसते ना! तिची ती खोड तुमच्या रक्तात उतरलीय."

चांगुणाने पदर सारला. उजव्या बरगडीखालची त्या फुप्फुसाची फट पाण्यात उघडली.

"मागच्या वादळात अख्खं गाव पळालं, मी इथंच बसून होते," ती म्हणाली. "तेव्हा कुठं होती तुमची शिंपली?"