चार रिकामे बाइट

ब्रनोतल्या ऑफिसात लुदमिलाने मंगळवारी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या कोडमधले चार रिकामे बाइट काढून टाकले. पुढचा आकडा नेमक्या जागी बसावा म्हणून ते सोडलेले होते. नव्या प्रोसेसरना त्यांची गरज नाही, जुने मात्र त्यांच्यावाचून अडतात. तसं जुनं मशीन आता फक्त म्हाताऱ्या बोहुमीरच्या स्वयंपाकघरात उरलं होतं. रोज सकाळी ते नवा कोड आपोआप उतरवून घ्यायचं. बिघडलं तर म्हातारा ओरडेलच, म्हणून तिने तपासलं नाही. त्याची मेल ठरलेली: "कार्टे, मारलंस माझं मशीन." शुक्रवार उजाडला, मेल आली नाही. तिने फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. "ह्यांना जाऊन तीन आठवडे झाले गं. मशीन मी चालूच ठेवलं. सकाळी त्याची डिस्क कुरकुरली की वाटायचं, हेच उठलेत. बुधवारपासून तेही गप्प आहे."