भलत्या जागी

ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी वाचता वाचता म्हातारे गुरुजी मध्येच थांबले. अक्षरं समोर होती, पण जीभ उचलेना. "बसवा आता यांना," मागून कुणीतरी म्हणालं. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारी त्यांचा शिष्य उभा होता. चारचौघांत कुणाची लाज काढणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, हे जुन्या ज्यू ज्ञानी लोकांचं वचन गुरुजींनीच त्याला शिकवलं होतं.

"चूक माझी! गुंडाळी मीच भलत्या जागी उघडली," तो मोठ्याने म्हणाला. लोक त्याच्यावर तुटून पडले. त्याने मान खाली घालून उरलेलं वाचलं.

बाहेर आल्यावर गुरुजींनी त्याचा हात घट्ट धरला.

"जागा बरोबर होती रे."

"हो, गुरुजी."

"मग आता घरी सोड मला. हल्ली रस्ताही आठवत नाही. सांगावं कुणाला, तेच कळत नव्हतं."