वीस जणांना पाठवा

"बाबा, तुम्ही हे वाचलं तरी होतं का?" समाधानने मोबाइल वडिलांच्या नाकासमोर धरला.

शालिग्रामभाऊंनी चष्मा वर सरकवला. वाचलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"वर आपल्या बुऱ्हाणपूरचं नाव होतं. फोटोतली बागबी आपल्यासारखीच. मले वाटलं, चांगलंच लिहिलं असंन. दिलं पाठवून."

"कोणाकोणाला?"

"सगळ्यायले."

मेसेज हिंदीत होता. बुऱ्हाणपूरच्या केळ्यांना झाडावरच इंजेक्शन देतात, खाल्लं की कॅन्सर होतो, एक अख्खं कुटुंब दवाखान्यात आहे, असं कुणा मोठ्या डॉक्टरने सांगितलं होतं. डॉक्टरला नाव नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, वीस जणांना पाठवा, एक जीव वाचेल. बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरात केळीची बाग असलेल्या माणसाने केळी खाऊ नका असं जगाला कळवलं होतं, आणि वर स्वतःतर्फे हात जोडल्याचं चित्रही टाकलं होतं.

हा मेसेज भजनी मंडळाच्या ग्रुपवर गेला, पाहुण्यांत गेला आणि बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या मोतीलाल दलालाच्या ग्रुपवरही गेला. शालिग्रामभाऊंची केळी कानपूरला पाठवायचा तो मोतीलालच. ग्रुपवर कानपूरचे व्यापारी होते. आज सकाळी घड कापायला कटाईवाले यायचे होते. ते आले नाहीत, मोतीलालचा फोन आला.

"कानपुरवाले बोल रहे हैं, खुद किसान ही मना कर रहा है, तो हम माल क्यों उठाएँ? मैं क्या जवाब दूँ, शालिग्राम भाऊ?"

बागेत घड पूर्ण भरले होते. केळी हिरवी असतानाच कापावी लागतात. या उन्हात आणखी तीन-चार दिवस गेले, की ती झाडावरच पिवळी पडणार, आणि पिवळा माल ट्रकमध्ये कुणी चढवत नाही. वर्षभर राबून वाढवलेली बाग गुरांपुढे टाकायची वेळ आली होती.

समाधानचं डोकं फिरलं. गावाच्या ग्रुपवर मुलं पळवणारी टोळी येवो, मीठ संपल्याची बातमी येवो, की रात्री मोबाइल फोडणारे किरण येवोत, प्रत्येक मेसेजखाली 'हे खोटं आहे' असं लिहिणारा एकटा तोच होता. त्याबद्दल कुणी त्याचे कधी धड आभार मानले नव्हते. उलट, याला सगळंच खोटं दिसतं म्हणून हसत. आणि आग लागली ती त्याच्याच घरातून.

तो ओट्यावर बसला आणि त्याने नीट, सविस्तर खुलासा लिहिला. केळी कशी वाढवतात, इंजेक्शनची गोष्ट कशी अशक्य आहे, फोटोतली बाग इथली कशी नाही. वडिलांच्या मोबाइलवरून तो सगळीकडे पाठवला. दुपारपर्यंत एका चुलतभावाने अंगठ्याचं चित्र टाकलं, आणि पाहुण्यांतल्या राजपुऱ्याच्या योगेशने लिहिलं, "इतना लंबा कौन पढ़ेगा भाई."

पुढे कुणी पाठवला नाही. एकानेही नाही.

तेव्हा मात्र समाधान चिडला. मरा म्हणाला, आणि नव्याने टाइप करायला लागला. तापीकाठचं केळं पाहून विदेशी शास्त्रज्ञ थक्क. हृदय मजबूत, गुडघेदुखी गायब, गळलेले केस परत. जे सुचेल ते तो लिहीत गेला. शेवटी लिहिलं, वीस जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभ बातमी येईल.

या वेळी शालिग्रामभाऊंनी पूर्ण वाचलं.

"हे खरं आहे का रे?"

"खरं होतं ते सकाळी पाठवलं, बाबा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोतीलालचा फोन आला तो हसतच. नवा मेसेज फिरत फिरत कानपूरला पोचला होता, तिथून मागणी पुन्हा सुरू झाली होती, ट्रक निघाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी कटाईवाले बागेत शिरले. खांद्यावरून एकेक घड बाहेर जाताना समाधान बांधावर उभा राहून बघत होता. त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचाच राग येत होता. पाणी प्यायला म्हणून तो घरी आला.

ओट्यावर त्याची आई मालूबाई बसली होती. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात अर्धवट सोललेलं केळं. मालूबाईला कित्येक वर्षांपासून शुगर. घरात केळीच केळी, पण तिला त्यातला तुकडाही वर्ज्य होता.

"मनीषानं धाडलं," तिने मोबाइल पुढे केला. मनीषा म्हणजे तिची राजपुऱ्याची भाची.

समाधानने वाचलं. विदेशी शास्त्रज्ञ, हृदय, गुडघे, केस, सगळं त्याचंच होतं. फक्त मध्ये कुणीतरी एक ओळ घातली होती. रोज उपाशीपोटी दोन केळी खा, शुगर मुळासकट जाते, गोळ्या बंद करा.

"कालपासून गोळी नाही घेतली मी," मालूबाई म्हणाली. "पण म्हटलं, केळं तुले विचारल्याबिगर खायचं नाही. बाकी लोक काहीबी सांगतात. तू सांग, खरं आहे का हे?"

"खोटं आहे, माय. खाली ठेव ते. गोळी घे आधी."

तिने लगेच केळं ताटलीत ठेवलं. मग पदराला हात पुसत म्हणाली,

"असं लिहितं तरी कोण रे? त्याच्या घरी माय नसंन का?"