उतरायची जागा

"आता मी पाठ करून उभा राहतो," विश्वनाथ सर म्हणाले. "स्क्रीन तुझी, जागाबी तुझीच. वरूनच शोधायची आणि ड्रोन उतरवायचा. मले काही विचारायचं नाही."

मिनलने मान हलवली. कंट्रोलरवरचे तिचे दोन्ही अंगठे घामाने ओले झाले होते. सुटीत सरांकडे येऊन ती ड्रोन उडवायला शिकली होती. सरळ नेणं जमत होतं, हवेत एका जागी थांबवणंही जमत होतं. उतरवायचं काम मात्र दरवेळी सरांनीच केलं होतं. आज तिला ते साधलं, तर उद्या हनुमान जयंतीच्या मिरवणुकीचं चित्रण तीच करणार होती. लेझीमवाल्या मुलींना तिने तसं सांगूनही टाकलं होतं. पण ड्रोनचं पातं मोडलं तर उद्याचं राहिलं. जास्तीची पाती सरांजवळ नव्हती. ती नागपूरला, सीताबर्डीवर मिळायची.

शेत रुपरावांचं होतं. ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली शिदोरी सोडून बसले होते.

"पाहजो वं पोरी," ते म्हणाले, "माह्या डोक्यावर नको उतरवजो."

ड्रोन घुंघुं करत वर चढला. मिनलने स्क्रीनवर पाहिलं आणि पाहतच राहिली.

तिचं रोजचं गाव होतं ते. पण संत्र्याच्या बागा अशा ओळींत उभ्या आहेत, शाळेची वाट विहिरीला वळसा घालून अशी जाते, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. खाली नुकतंच नांगरलेलं काळं शेत पसरलं होतं. नांगराच्या तासाला लागून तास, फणीने विंचरल्यासारखे.

"सर, आपलं गाव असं आहे?"

"मले काय विचारतेस? मी तर पाठ करून उभा हाये. बॅटरी पाह्य."

बॅटरी तिने पाहिली आणि दचकली. परत धुऱ्यापर्यंत आणण्याइतकी ती उरली नव्हती. खाली सगळीकडे ढेकळंच ढेकळं. तिने कॅमेरा सरळ खाली वळवला आणि जागा शोधू लागली.

शेताच्या मधोमध एक गंमत होती. सरळ आलेले तास तिथे दोन्ही बाजूंना फाकले होते आणि पुढे जाऊन पुन्हा एक झाले होते. नदीतल्या दगडाशी पाणी फुटतं, तसे. मध्ये खाटेएवढी फिकट जागा राहिली होती. सपाट. एक ढेकूळ नाही. जणू तिच्यासाठीच कुणीतरी राखून ठेवलेली.

"सापडली!" ती म्हणाली आणि ड्रोन खाली घेऊ लागली.

फिकट जागा मोठी होत गेली. तिच्यात काहीतरी हललं. लांब पिवळ्या पायांचा एक पक्षी. उडून जाईल आता, मिनलला वाटलं. पक्षी उडाला नाही. त्याने पंख पसरले, मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहून तो ओरडू लागला. शेतातून आवाज येत होता, टिटिटिव, टिटिटिव.

"ही उडून काहून नाही राहिली?"

रुपराव हातातल्या भाकरीसकट उठले. "अवं, तथी नको! टिटवीचे अंडे हायेत तथी!"

मिनलने अंगठा वर रेटला. ड्रोन ऐकेना. स्क्रीनवर लाल अक्षरं आली होती. बॅटरी संपत आली की यंत्र आपणहून उतरू लागतं. मग ते वर जात नाही, बाजूला तेवढं सरकतं. हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"सर!"

सर केव्हाच वळून उभे होते. त्यांचा हात कंट्रोलरकडे अर्धा आला आणि थांबला.

"जागा तुझी," ते हळूच म्हणाले.

पात्यांच्या वाऱ्याने टिटवीची पिसं उलटी होत होती. ती तसूभरही हलली नाही. तिचे डोळे आता स्क्रीनवर स्पष्ट दिसत होते.

मिनलने अंगठा बाजूला दाबला.

ड्रोन सरकला, ढेकळांवर आपटला, कलंडला. कटकन आवाज झाला आणि शेत एकदम शांत झालं.

टिटवीने पंख मिटले. इकडे तिकडे पाहिलं. मग अंग हलवत हलवत ती खाली बसली.

सर लांबून फेरा घालून गेले आणि ड्रोन घेऊन आले. दोन पाती मोडली होती. मिनलने ती हातात घेऊन पाहिली.

"मी नापास ना, सर?"

सर धुऱ्यावर तिच्याशेजारी बसले. रुमालाने त्यांनी ड्रोनची माती पुसली, कार्ड काढलं, मोबाइलला जोडलं आणि चित्रण लावून मोबाइल तिच्या हातात दिला.

काळ्या तासांमधून टिटवी वर वर येत होती. आधी ठिपका, मग पंख, मग चोच. शेवटी सगळा पडदा तिनेच भरून टाकला. तिच्या पायांमध्ये मातीच्याच रंगाची अंडी होती.

"इतकी वर्षं शेतातून फिरलो," सर म्हणाले, "पण टिटवीनं माह्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. उद्या मिरवणूक आपण खालूनच पाहू."

रुपराव मागून वाकून बघत होते. हातातली भाकर तशीच होती.

"अश्शीच," ते म्हणाले. "माह्या ट्रॅक्टरसमोरबी अश्शीच उभी होती वं. मंग काय करतो?"