घरी कोण कोण?

डॉक्टरांच्या हाताखालची फिजिशियन असिस्टंट व्हायला चेन्नईला शिकणारी तूबा सुट्टीत रत्नागिरीला आली, तेव्हा कुवेतहून अब्बाही तीन वर्षांनी रजेवर आलेले. बापलेक पडवीत बसली, पण बोलणं ओहोटीतल्या होडीसारखं रुतून राहिलं. "अब्बा, माझे पेशंट व्हा. सराव होईल." "होतो की. फी मात्र नाय देणार." शिकवलेल्या क्रमानं तिनं वय विचारलं, दुखणं विचारलं, मग, "घरी कोण कोण असतं?" "केळशीचा जिब्रान, केरळचा शाजी, बंगाली अन्वर," अब्बांनी कुवेतच्या खोलीतली माणसं सांगितली. नारळ खवणाऱ्या अम्मीचा हात अडखळला. तूबाला स्वतःचं नाव ऐकायचं होतं, पण पेशंटच्या तोंडी उत्तर घालायचं नसतं. "बस, एवढेच," अब्बा म्हणाले. तिनं पुढचं विचारलं, "झोप लागते?" "तिथं लागते, पोरी. इथं नाय. जागा बदलली की असंच."