भिरूड

स्वरूपा ओकच्या खोडापाशी थबकली. पंधरा दिवसांपूर्वी तिने स्वतः मोजलेली सत्तावीस भोकं कुणीतरी चिखलाने छान लिंपून टाकली होती.

मागे निसर्गसंरक्षण खात्याचे अधिकारी क्लाइन वही काढून उभे होते. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहराबाहेरच्या शेतातला हा चारशे वर्षांचा ओक नव्या रस्त्याच्या आड येत होता. २००७ च्या ऑक्टोबरात तो तोडायचं ठरलं होतं. सह्या झाल्या, मोर्चे झाले, रस्ता काही हटेना. शेवटी किड्यांवर पीएचडी करणाऱ्या स्वरूपाला या खोडात एक दुर्मीळ भुंगेरा सापडला. कायदा झाडाच्या बाजूने नव्हता, पण भुंगेऱ्याच्या बाजूने होता. आज त्याची एक जिवंत अळी दाखवली, की करवत थांबणार होती.

क्लाइननी चिखलाची एक खपली काढली. पेट्रोलचा भपकारा आला. मग कापसाचा बोळा निघाला आणि त्यामागून बोटाएवढी मेलेली अळी. दुसऱ्या भोकातही तेच. तिसऱ्यातही.

स्वरूपाने वळून पाहिलं. रत्नागिरीहून दोन महिन्यांसाठी आलेले तिचे सासरे, आंब्याच्या बागेत जन्म घालवलेले यशवंतराव, हाताची घडी घालून कौतुकाने बघत होते.

"आप्पा, हे तुम्ही केलंत?"

"मग! तू रोज या झाडासाठी डोळ्यांत पाणी आणायचीस. फिरत फिरत बघायला आलो, तर खोड पोखरणारं भिरूड! आमची निम्मी कलमं खाल्लीत मेल्याने. चार दिवस खपलो, पण एक भोक सोडलं नाही."

जेवताना अळ्यांचा विषय काढायचा नाही, ही नवऱ्याची सक्त ताकीद. म्हणून घरी ती फक्त झाडाबद्दल बोलायची. आता ओरडावं तरी कुणावर? म्हाताऱ्याच्या नखांत अजून चिखल होता. तिला रडूही येईना.

क्लाइननी शेवटचं भोकही तपासलं आणि वही मिटली. "फ्राऊ साठे, मला वाईट वाटतं. इथे जिवंत काहीच नाही."

"काय म्हणाले गं साहेब?" आप्पांनी विचारलं.

"एकही किडा जिवंत नाही म्हणाले."

आप्पांनी समाधानाने खोडावर थाप मारली. "मग आता याला शंभर वर्षं मरण नाही, सूनबाई!"